शेतावरच्या तेलाची राखण

शेताची राखण म्हटली म्हणजे महाराष्ट्रांतील श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें माळा उभा राहतो. चार मेढी, वर गवताचें छप्पर, राखणदाराच्या हातांत गोफण आणि कणसांवर उतरणारा पांखरांचा थवा. पांखरें, रानडुकरें आणि अधूनमधून एखादा भुरटा चोर एवढ्यांपासून उभें पीक वांचलें कीं राखणदाराचें काम संपलें. परंतु ज्या देशांत नांगराचा घोडा जाऊन त्याच्या जागीं ट्रॅक्टर आला, त्या देशांत राखणीची गोष्ट पार बदलून गेली आहे. घोड्याचा चारा शेतांतच पिकत असे, आणि रात्रीं येऊन गवताची गंजी चोरून नेण्याइतका मूर्ख चोर क्वचितच निपजे. ट्रॅक्टरचा चारा मात्र विकत आणावा लागतो, टाकींत भरून ठेवावा लागतो, आणि ज्याला त्याला तो हवा असतो.

इंग्लंडमधील लिंकनशायर किंवा नॉरफोक परगण्यांत गहू पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या खळ्यांत गेलें असतां हिरव्या रंगाची एक मोठी टाकी हटकून दृष्टीस पडते. तींत हजार लिटरांपासून दहा हजार लिटरांपर्यंत डिझेल असतें. कापणी व मळणी एकदमच करणारें मोठें यंत्र सुगीच्या दिवसांत एका दिवसाला कित्येक शेंकडे लिटर तेल पितें, आणि तिकडची सुगी आपल्या ठरल्या वेळीं ऊन देईलच असा भरंवसा नसतो. आभाळ तीन दिवस उघडें राहिलें तर त्या तीन दिवसांत गहू घरांत आला पाहिजे. चौथ्या दिवशीं पाऊस लागला तर दाणा ओंबींतच मोड धरतो, आणि भाकरीचा गहू कोंबड्यांच्या खाद्याच्या भावानें जातो. अशा वेळीं पहाटे टाकी उघडावी आणि तींत तेल नसावें, म्हणजे शेतकऱ्याचें जें नुकसान होतें तें नुसत्या तेलाच्या किंमतीनें मोजतां येत नाहीं. तेलाची दुसरी गाडी मागविली तरी ती येण्यास दोनचार दिवस लागतात, आणि सुगीच्या दिवसांत ती सर्वांनाच हवी असते.

महाराष्ट्रांत असल्या टाक्या शेतोशेतीं दिसत नाहींत याला एक कारण कायद्यांतही आहे. हिंदुस्थानांतील १९३४ सालच्या पेट्रोलियमच्या कायद्यानें डिझेलसारखें तेल परवान्याशिवाय ठेवण्याची मर्यादा एका जागीं २५०० लिटरांची घातली असून, त्यांतही एकेक भांडें १००० लिटरांहून मोठें असूं नये असें म्हटलें आहे. शिवाय येथील शेतकऱ्याला गांवाबाहेरच्या पंपावरून कॅन भरून आणतां येतो. ब्रिटनमधील शेतकऱ्याला तसें करणें परवडत नाहीं, कारण त्याच्या टाकींतलें तेल पंपावर मिळणाऱ्या तेलाहून निराळें असतें. तें तांबडें असतें.

या तांबड्या रंगाची हकीकत मौजेची आहे. रस्त्यावरून धांवणाऱ्या गाडीच्या डिझेलवर ब्रिटिश सरकार जबर कर घेतें. शेतांत नांगरणाऱ्या ट्रॅक्टरनें रस्ता झिजत नाहीं, म्हणून त्याच्या तेलावर कर अगदीं थोडा. मार्च २०२२ पूर्वीं रस्त्याच्या डिझेलवर लिटरमागें ५७.९५ पेन्स कर होता, तर शेतीच्या डिझेलवर ११.१४ पेन्स. एकाच तेलाचे असे दोन भाव झाले म्हणजे स्वस्त तेल महाग जागीं ओतण्याचा मोह कोणाला होणार नाहीं? म्हणून स्वस्त तेलांत तांबडा रंग मिसळण्यांत येतो, आणि सरकारी तपासनीस वाटेंत गाडी थांबवून तिच्या टाकींतलें तेल तपासतात. आयर्लंडच्या प्रजासत्ताकांत हाच रंग हिरवा आहे. रेशनच्या दुकानांतील निळें घासलेट ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना ही युक्ति समजावून सांगण्याचें कारण नाहीं. मनुष्यस्वभाव मुंबईस एक आणि मँचेस्टरला दुसरा असा नसल्यामुळें सरकारांनाही एकाच तऱ्हेचे उपाय सुचतात.

पुष्कळांची अशी समजूत असते कीं, तेल रंगीत आहे तर चोर सहज सांपडत असेल. तसें होत नाहीं. रंग सरकारचा आहे, मालकाचा नव्हे. एका शेतकऱ्याचें तांबडें तेल आणि त्याच्या शेजाऱ्याचें तांबडें तेल यांत डोळ्यांना कांहींच फरक दिसत नाहीं. चोराच्या गाडींत हजार लिटर तेल सांपडलें, तरी तें कोणाचें हें ठरविणें पोलिसांना कठिण जातें, आणि ‘हें माझेंच’ असें मालकालाही शपथेवर सांगतां येत नाहीं. बैलावर डाग असतो, भांड्यावर नांव घालतां येतें, तेलावर काय घालणार? अलीकडे कांहीं कारखानदार प्रत्येक गिऱ्हाइकासाठीं निराळें असें खुणेचें द्रव्य विकतात. तें चिमूटभर टाकींत घातलें म्हणजे पुढें प्रयोगशाळेंत मालक ओळखतां येतो. पण त्यासाठीं आधीं चोर सांपडावा लागतो. या द्रव्याचा खरा उपयोग टाकीवर त्याची पाटी लावण्यांत आहे. ती वाचून एखादा चोर शेजारच्या शेताकडे वळला, तर पाटीवाल्यापुरतें काम झालें, शेजाऱ्याचें काय तें शेजाऱ्यानें पाहावें. राखणीच्या पुष्कळ उपायांत हा दोष आहे, आणि तो लपविण्यांत अर्थ नाहीं.

चोरलेलें तांबडें तेल जातें कोठें? कांहीं दुसऱ्या शेतावर आणि दुसऱ्याच्या यंत्रांत जातें, कारण भाव कमी सांगितला कीं कोठून आणलेंस असें विचारणारे लोक सर्वच देशांत थोडे. कांहीं रस्त्यावरच्या गाड्यांत जातें. उत्तर आयर्लंडच्या सरहद्दीवर तर तेल ‘धुण्याचा’ धंदा वर्षानुवर्षें चालला. आम्लें आणि शोषक माती यांतून तेल गाळून त्याचा रंग उतरवावयाचा, आणि उरलेला विषारी गाळ रात्रीं रस्त्याच्या कडेला किंवा ओढ्याच्या कांठीं टाकून द्यावयाचा. तो उचलण्याचा खर्च स्थानिक संस्थांवर पडे. शेवटीं ब्रिटन व आयर्लंड या दोन्ही सरकारांनीं मिळून एप्रिल २०१५ पासून धुवून सहजासहजीं निघणार नाहीं असें नवें खुणेचें द्रव्य तेलांत घालावयास सुरुवात केली. पुढें १ एप्रिल २०२२ पासून ब्रिटननें बांधकामासारख्या पुष्कळ धंद्यांची स्वस्त तेलाची सवलत काढून घेतली आणि शेती, बागाईत, मत्स्यशेती, वनशेती अशा थोड्यांचीच ठेवली. त्याच वर्षीं फेब्रुवारींत रशियानें युक्रेनवर स्वारी केली आणि जगांत तेलाचे भाव एकदम भडकले. भाव चढले कीं चोर वाढतात, हा अनुभव धान्याचा आहे, तांब्याच्या तारेचा आहे आणि तेलाचाही तोच आला.

आतां राखणीचा विचार. त्यांत आधीं चोराचा हिशेब मांडून पाहिला पाहिजे, कारण बहुतेक शेतकरी स्वतःच्या भीतीचा हिशेब मांडतात आणि बाजारांतून कुलूप घेऊन येतात.

डिझेलच्या एका लिटराचें वजन सुमारें ८४० ग्रॅम. वीस लिटरांचा डबा भरला कीं सतरा किलोंच्या आसपास भरतो. धट्टाकट्टा मनुष्य असले दोन डबे उचलून अंधारांत, चिखलांतून, कुंपण चढून, फार तर एक दोन खेपा करील. त्यानें ऐंशी लिटर गेले. हें नुकसान आहेच, पण त्यानें सुगी बुडत नाहीं. सुगी बुडविणारा चोर हजार लिटर नेतो, आणि हजार लिटर म्हणजे साडेआठशे किलोंच्या घरांत गेलें. एवढें ओझें खांद्यावरून जात नाहीं, त्याला गाडी लागते. गाडींत मोठी टांकी लागते, आणि बॅटरीवर चालणारा लहान पंप लागतो. मिनिटाला चाळीस लिटर ओढणारा पंप धरला तर हजार लिटरांना पंचवीस मिनिटें हवींत. म्हणजे गाडी टाकीच्या दहावीस पावलांवर आली पाहिजे, तेथें अर्धा तास निर्धास्त उभी राहिली पाहिजे, आणि भरल्यावर जड झालेली ती गाडी ओल्या मातींत न रुततां बाहेर पडली पाहिजे. सोनें चोरणाऱ्याला यांपैकीं एकही अडचण नसते. तेलाचें वजन हाच शेतकऱ्याचा सर्वांत मोठा आणि फुकटचा राखणदार आहे.

ही गोष्ट एकदां ध्यानांत आली कीं पुष्कळसे उपाय आपोआप सुचतात, आणि त्यांत पैसा फारसा लागत नाहीं. चोराला थांबविण्यापेक्षां चोराची गाडी थांबविणें सोपें आहे. खळ्याकडे येणाऱ्या वाटा तीन असतील तर दोन बंद कराव्या. शेताच्या मागच्या वाटेवर, जिचा उपयोग वर्षांतून चारदां होतो, मोठे दगड टाकावे किंवा आडवा चर खणावा. सुगी संपल्यावर गवताच्या मोठाल्या गांठी तेथें रचून ठेवल्या तरी चालतें. रात्रीं ट्रॅक्टर उभा करावयाचाच असतो, तो टाकीच्या तोंडाशीं आडवा उभा करावा आणि किल्ली घरांत न्यावी. खुद्द त्याच्या टाकींतलें तेलही ओढून नेतात, म्हणून तिच्या झाकणालाही कुलूप हवें.

फाटकासंबंधानें एक बारीकशी पण फार महत्त्वाची गोष्ट आहे. तिकडचें शेताचें फाटक लोखंडी असतें आणि तें दोन उभ्या खुंट्यांवर नुसतें टांगलेलें असतें. लोक एका बाजूला भलेंमोठें कुलूप लावतात, आणि चोर दुसऱ्या बाजूनें फाटक वर उचलून खुंट्यांतून काढून शांतपणें बाजूला ठेवतो. कुलूप जसेंच्या तसें. याला उपाय एवढाच कीं, वरची खुंटी उलटी, म्हणजे तोंड खालीं करून बसवावी, किंवा तिच्यावर टोपी घालून ती जोडून टाकावी. मग फाटक उचलतां येत नाहीं. गांवच्या लोहाराचें अर्ध्या तासाचें हें काम आहे. शेंकडों पौंडांचें विजेचें यंत्र बसविण्यापूर्वीं हें करावयास हवें, पण करतात थोडे, कारण यंत्र विकणारा दारीं येतो आणि खुंटी उलटी बसवा म्हणून सांगावयास कोणी येत नाहीं.

टाकी कोठें असावी याविषयीं मतभेद आहेत. रस्त्यावरून दिसूं नये म्हणून ती कोठाराच्या मागें लपविली, तर चोरालाही तेथें लपून काम करतां येतें. राहत्या घराच्या खिडकींतून दिसेल पण रस्त्यावरून दिसणार नाहीं अशी जागा सांपडली तर उत्तम. दोहोंपैकीं एकच साधत असेल तर घरांतून दिसणें अधिक मोलाचें, कारण टाकी असते हें तर चोराला न पाहतांही ठाऊक असतेंच. माणूस जवळ येतांच पेटणारा दिवा, वाटेवर पाऊल पडलें कीं करकरणारी खडी, आणि चोहोंकडे बोरीबाभळींसारख्या कांटेरी झाडांची वई, इतकें केलें कीं पुष्कळ झालें. तिकडे या कामीं हॉथॉर्न आणि ब्लॅकथॉर्न हीं कांटेरी झुडपें शतकानुशतकें वापरांत आहेत. कुत्रा असावाच. कांहीं ठिकाणीं हंसही पाळतात. हंसाला परक्या माणसाचें वावडें असतें आणि त्याचा गळा मोठा. रोमच्या गडावर शत्रु चढत असतां हंसांनीं कलकलाट करून पहारेकऱ्यांना जागें केलें, ही कथा शाळेंत पुष्कळांनीं वाचली असेल. फक्त हा राखणदार टपालवाल्यालाही चोरच समजतो.

आतां कुलपाकडे वळूं. कुलूप नको असें कोणीच म्हणणार नाहीं. पण टाकी प्लास्टिकची असेल तर नुसत्या कुलपानें कधीं कधीं उलटेंच होतें. नळाला पोलादी कुलूप पाहिलें कीं चोर तें फोडण्याच्या खटपटींत पडत नाहीं. तो रबरी नळी कापतो किंवा टाकीच्या कुशीलाच भोंक पाडतो. त्याला लागणारें हजार लिटर भरून झालें कीं तो निघून जातो, आणि उरलेलें चार हजार लिटर रात्रभर जमिनींत मुरत राहतें. येथें चोरीचें स्वरूपच पालटतें. तेल ओढ्यांत उतरलें कीं पाण्यावर त्याचा पापुद्रा पसरतो, मासे मरतात, खालच्या अंगाच्या गुरांना पाणी उरत नाहीं, आणि विहिरीच्या पाण्याला येणारा वास महिनोन्महिने जात नाहीं. माती खणून काढून दूर न्यावी लागते. चोर तर गेलेला असतो, आणि ती घाण निस्तरण्याची जबाबदारी टाकीच्या मालकाकडे येते. चोरीला गेलेल्या तेलापेक्षां न चोरलेल्या तेलानें मनुष्य अधिक बुडतो, असा हा चमत्कारिक प्रकार आहे.

म्हणूनच इंग्लंडांत २०१० सालीं झालेल्या शेतकी तेलाच्या नियमांकडे नुसती सरकारी कटकट म्हणून पाहूं नये. १५०० लिटरांहून अधिक तेल ठेवावयाचें असेल तर टाकीभोंवतीं दुसरी भिंत किंवा दुसरी टाकी हवी, आणि तिच्यांत आंतल्या टाकीच्या शंभरांस एकशें दहा या प्रमाणांत तेल मावलें पाहिजे. टाकी ओढ्यापासून किंवा तळ्यापासून निदान १० मीटर दूर हवी. तेल काढण्याचा नळ वापरांत नसतांना बंद असावा आणि कुलपांत असावा. हे नियम केले ते पाण्यासाठीं, पण राखणीलाही तेच उपयोगी पडतात. चोराला आतां एकाऐवजीं दोन भिंती फोडाव्या लागतात, आणि आंतली फुटली तरी तेल बाहेरच्या भिंतींत राहतें. त्यांत आणखी एक सुधारणा करण्याजोगी आहे. तेल टाकीच्या बुडांतून न काढतां वरच्या अंगानें काढावें. बुडांतली नळी कापली तर तेल आपल्या भारानेंच वाहून जातें, वरची कापली तर आपोआप वाहत नाहीं. पंपाची वीज घरांतल्या बटनावरून रात्रीं बंद करून टाकावी, म्हणजे मालकाचाच पंप चोराच्या कामीं येत नाहीं. हाही अर्ध्या तासाच्याच कामाचा उपाय.

आतां ज्याला तेलचोरीचें दुसरें, आणि कदाचित् अधिक दुःखद, अंग म्हणतां येईल, त्याविषयीं. हजार लिटर एका रात्रींत गेलें तर तें सकाळीं कळतें. परंतु कधीं कधीं टाकींतलें तेल थोडें थोडें कमी होत असल्यासारखें वाटतें. मग मालकाची नजर बाहेरून आंत वळते. कुंपणापलीकडच्या चोराचा शोध सोडून तो खळ्यांतल्या माणसांचीं तोंडें न्याहाळूं लागतो. लिंकनशायर व केंब्रिजशायर या परगण्यांत शेतीचें पुष्कळसें काम पूर्व युरोपांतून आलेले मजूर करीत आले आहेत. भाषा मोडकीतोडकी, घरदार दूर, बोलून बाजू मांडण्याची पंचाईत. संशय जावयाचा तो आधीं अशाच माणसावर जातो.

येथें पदार्थविज्ञानाचा एक साधा पाठ उपयोगी पडतो. उष्णतेनें पदार्थ प्रसरण पावतात, आणि डिझेल पाण्यापेक्षां पुष्कळच अधिक प्रसरण पावतें. एक अंश सेंटिग्रेड उष्णता वाढली कीं हजार लिटरांमागें सुमारें आठशें मिलिलिटरांनीं तें वाढतें. पांच हजार लिटर तेल ऑगस्टच्या दुपारीं मोजलें आणि सप्टेंबरच्या गार पहाटे पुन्हां मोजलें, मध्यें तेलाची उष्णता दहा अंशांनीं उतरली असेल, तर एक थेंब न चोरतां चाळीस लिटर कमी भरतें. चाळीस लिटर म्हणजे नेमके दोन डबे! एखाद्या मजुराच्या गाडींत रिकामे दोन डबे दिसले कीं मालकाच्या मनांत त्याचा निकाल लागलाच. दुसरी चूक मापाच्या काठीची. आडव्या पडलेल्या नळकांड्यासारख्या टाकींत मध्यावरच्या एका बोटांत जेवढें तेल मावतें, तेवढें बुडाच्या किंवा माथ्याच्या एका बोटांत मावत नाहीं. काठीवर सारख्या अंतरावर खुणा करून जो हिशेब ठेवील त्याचा हिशेब कधींच जुळणार नाहीं. टाकीच्या आकाराप्रमाणें केलेलें कोष्टक पाहिजे. दर आठवड्याला ठराविक वेळीं, पहाटेच शक्यतों, काठी बुडवून आंकडा वहींत लिहावा, आणि कोणत्या यंत्रांत किती तेल घातलें तें घालणाऱ्यानेंच लिहावें. अशी वही चार महिने ठेवली म्हणजे खरी चोरी कोठें आहे आणि नुसती थंडी कोठें आहे, हें दिसूं लागतें. वहीमुळें चोर सांपडेल कीं नाहीं हें सांगवत नाहीं, पण निरपराध मनुष्य वांचण्याचा संभव पुष्कळ वाढतो, आणि प्रामाणिक नोकराला वही नेहमीं आवडते.

दोनदां चोरी झाल्यावर शांत मनुष्यही बिथरतो. पोलिसांचें ठाणें वीस मैलांवर, रात्र अंधारी, घरांत बंदूक टांगलेली. तिकडे पुष्कळ शेतकऱ्यांपाशीं परवान्याची बंदूक असते. मग मनांत येतें कीं, एकदां धडा शिकवावा. कोणी टाकीभोंवतीं झांकलेला खड्डा करण्याचें मनांत आणतो, कोणी तारेंत वीज सोडण्याचें. हा मोह नवा नाहीं. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्लंडांतले जमीनदार शिकारचोरांसाठीं रानांत लोखंडी सांपळे आणि दोरीला पाय अडकतांच उडणाऱ्या बंदुका लावून ठेवीत. पाद्री सिडनी स्मिथ यानें १८२१ सालीं ‘एडिंबरो रिव्ह्यू’ या त्रैमासिकांत त्यांवर कडक टीका केली. त्यानंतर चार वर्षांनीं, १८२५ च्या मार्चमध्यें, ब्रिस्टल येथें एक प्रकार घडला. एका माणसानें ट्यूलिपच्या मोलवान् कंदांचा बाग भिंत घालून केला होता. पूर्वीं चोरी झाली म्हणून त्यानें आंत बंदूक लावली, आणि पाटी लावली नाहीं, कारण पाटी वाचून चोर निसटला असता. शेजारची एक लांडोर उडून आंत गेली. ती मालकाला परत द्यावी म्हणून एकोणीस वर्षांचा एक मुलगा भिंत चढून आंत उतरला, आणि बंदूक उडून त्याचा गुडघा फुटला. बंदुकीला लांडोर शोधणारा आणि कंद चोरणारा यांतला भेद कळत नाहीं. १८२८ सालीं न्यायालयानें मुलाच्या बाजूनें निकाल दिला. त्यापूर्वींच १८२७ सालीं पार्लमेंटनें असल्या बंदुका लावण्यास बंदी करणारा कायदा केला होता, आणि १८६१ च्या कायद्यांत ती बंदी पुन्हां घालण्यांत आली. पुढें १९८४ सालच्या कायद्यानें तर विनापरवाना आंत शिरलेल्या माणसाविषयींही मालकावर कांहीं एक जबाबदारी टाकली आहे. चोर प्रत्यक्ष सांपडला असतां त्याला धरण्याचा हक्क नागरिकाला आहे, आणि बचावासाठीं वाजवी इतकें बळ वापरण्यास १९६७ च्या कायद्यानें मोकळीक आहे. ‘वाजवी’ याचा अर्थ मात्र नंतर न्यायालयांत ठरतो, रात्रीं दोन वाजतां खळ्यांत ठरत नाहीं. तेलासाठीं मनुष्य मारावा काय, हा प्रश्न पडूंच नये अशी तजवीज दिवसा करून ठेवणें हाच शहाणपणा, आणि म्हणून फाटकाच्या उलट्या खुंटीचें महत्त्व.

नवीं यंत्रें बरींच निघालीं आहेत. टाकीच्या माथ्यावर बसविलेलें एक यंत्र ध्वनीच्या लहरी खालीं सोडून तेलाची पातळी मोजतें, आणि ती एकाएकीं उतरूं लागली कीं मालकाच्या टेलिफोनवर संदेश धाडतें. पंचवीस मिनिटांच्या चोरींत पांचव्या मिनिटाला निरोप मिळाला तर त्याचा उपयोग मोठा. परंतु डोंगराळ भागांत संदेश पोंचतच नाहीं, आणि खोटे इशारे तीन रात्रीं आले कीं चौथ्या रात्रीं मालक कूस बदलून झोंपतो. छायाचित्रें घेणारीं यंत्रें गाडीचा क्रमांक टिपतात, पण त्या गाडीवर दुसऱ्याच कोणाचा तरी क्रमांक असतो. यांपेक्षां शेजाऱ्यांनीं एकमेकांना कळविण्याची जी पद्धत पडली आहे ती अधिक कामाची दिसते. अनोळखी गाडी फाटकाशीं घुटमळतांना कोणी पाहिली कीं तिचें वर्णन आसपासच्या सर्व शेतकऱ्यांना तत्काळ जातें. ‘वाट चुकलों’ म्हणून भरदुपारीं खळ्यांत येणारा मनुष्य पुष्कळदां टाकी पाहावयासच आलेला असतो. पोलिसांनाही कळवावें. ‘कळवून काय होणार’ असें म्हणून लोक गप्प बसतात, आणि मग या भागांत चोऱ्याच होत नाहींत असें ठाण्याच्या वहीवरून दिसतें.

हा प्रश्न केवळ मोठ्या शेतकऱ्यांचा आहे असें कोणी समजूं नये. ब्रिटन व आयर्लंड या देशांच्या ग्रामीण भागांत जेथें ग्यासचा नळ पोंचलेला नाहीं, तेथें घरें ऊबदार ठेवण्यासाठीं परसांत घासलेटाची टाकी असते. उत्तर आयर्लंडांत तर अशीं घरें फारच. एकेकट्या म्हाताऱ्या माणसाच्या दाराशीं हिंवाळ्याच्या आरंभीं टाकी भरून देण्यांत येते, आणि जानेवारींत एका रात्रीं ती रिकामी होते. त्याला सुगी नाहीं, ट्रॅक्टर नाहीं, फाटक नाहीं. टाकी रिकामी झाल्याचें त्याला सकाळीं अंथरुणांतच कळतें, कारण खोली गार पडलेली असते. तेलाची गाडी बहुधा पांचशें लिटरांखालीं तेल घेऊन येत नाहीं, म्हणजे पुन्हां एकरकमी पैसे हवेत. बरें, तेल आलें तरी भट्टी लगेच पेटत नाहीं. टाकी कोरडी पडली कीं नळींत हवा शिरते आणि बुडाचा गाळ ओढला जातो. कारागीर येऊन ती हवा काढून नळी साफ करीपर्यंत भट्टी बंदच. अशा घरासाठीं शेजाऱ्यांनीं दोन गोष्टी कराव्या: एकाच वेळीं टाकी कांठोकांठ न भरतां चारपांच घरांनीं मिळून थोडें थोडें तेल मागवावें, कारण गाडी एकाच गल्लींत येणार असली म्हणजे विक्रेताही ऐकतो, आणि सकाळीं त्या घराच्या धुराड्यांतून वाफ निघते आहे कीं नाहीं, एवढें जातां येतां पाहावें.